बारा आठवड्यांचं माहेर

भिंतींना कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोरेश्वर पालवांच्या इमारतीतल्या भिंतींना पायही होते. दर सोमवारी सकाळी अकराच्या ठोक्याला त्या चालायला लागत. कुणाची बैठकीची खोली वीतभर वाढे, कुणाचं स्वयंपाकघर हातभर आटे, आणि दोन मिनिटांत सगळं पुन्हा शांत होई. चहाचा कप टेबलावर तसाच असे. फक्त टेबल आता भिंतीला टेकलेलं असे.

या भिंतींचं वंगणपाणी करायचं काम मोरेश्वरांचं. बत्तीस मजले, आणि एकेका मजल्यावर चाळीसेक रूळ. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण रूळ कुरकुरलेला त्यांना खपत नसे. "माझी भिंत सरकताना पाळण्यातलं पोर कूस बदलत नाही," असं ते छाती काढून सांगायचे, आणि ते खरंच होतं.

तसं बघाल तर यात जादू काही नव्हती. इमारतीचा सगळा भार खांबांनी आणि स्लॅबनी पेललेला. भिंतीला उचलायचं काय, तर फक्त स्वतःला. दगडाच्या धाग्यांपासून विणलेली, आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ अशी ती भिंत, दोन माणसं सहज उचलतील इतकी हलकी. जमिनीत रूळ, रुळात चुंबकांची रांग; वीज एका चुंबकातून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात सोडत गेलं की भिंत मुकाट मागे मागे येते. पाण्याचे पाइप, वायरी सगळ्या छतातून, लवचीक. हे सारं जगात कुठे ना कुठे आधीपासून होतंच. नवा होता तो भाव.

प्रत्येक चौरस फुटाचा भाव दर आठवड्याला नव्याने ठरे, आणि तो ठरवणाऱ्या संगणकाला इमारतीत सगळे 'मुनीम' म्हणत. कोण किती जागा वापरतं, कोणाला किती हवी आहे, कोण तिच्यासाठी कुठवर ताणेल, हे मुनीम अहोरात्र जोखत असे. जमिनीखालचे संवेदक, लिफ्टच्या फेऱ्या, तळमजल्यावरच्या दुकानात नोंदवलेला किराणा, सगळं त्याच्या कानावर. ज्याला फूट विकायचे त्याने विकावेत, ज्याला हवेत त्याने घ्यावेत, कायमचे घ्यावेत किंवा आठवड्याच्या बोलीने घ्यावेत. कोणावर जबरदस्ती नाही. हे सांगायलाच हवं, कारण खरोखरच कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही.

आणि हे सगळं मान्य करणारा सभेतला पहिला हात मोरेश्वरांचाच होता. त्याला कारणही तसंच होतं. या टॉवरच्या जागी पूर्वी त्यांची जुनी बिल्डिंग होती, प्रभादेवीला. आजोबांच्या काळात ठरलेलं भाडं नातवाच्या काळातही तेवढंच; त्यात महिन्याचा चहासुद्धा झाला नसता. मालक म्हणायचा, या भाड्यात मी गिलावा कुठून करू? आणि करायचा नाही. शेवटी एका सकाळी दुसऱ्या मजल्याची गॅलरी शेजारच्या चौबळ सरांच्या सायकलसकट खाली आली. त्यानंतर 'तरती हद्द' असलेली, म्हणजे सरकत्या भिंतींची, नवी इमारत आली, प्रत्येकाला चारशे फूट मिळाले, तेव्हा मोरेश्वर सभेत उठून म्हणाले होते, "ज्याला जागा हवी त्याला मिळेल, नको त्याच्याकडे अडून राहणार नाही. यात वाईट काय आहे?"

पहिली काही वर्षं वाईट काही नव्हतंच. मुलाचं लग्न झालं की लोक साठ फूट वाढवायचे, मुलगी परदेशी गेली की तिची खोली विकायचे. मग मोरेश्वरांच्या बायकोला, शुभांगीला, मोठं आजारपण आलं.

औषधाला पैसा लागला तसे फूट जात गेले. आधी बाल्कनीचे, मग आतल्या खोलीचे. "परत घेऊ गं," मोरेश्वर तिला म्हणायचे, "जागा काय पळून जातेय?" मुलगी जुई तेव्हा कॉलेजसाठी अकोल्याला होती. दर सोमवारी दुपारी तिचा फोन यायचा, आणि आईची तब्येत विचारून झाली की ती विचारायची, "बाबा, भिंत कुठवर आली?" मोरेश्वर सांगायचे, "शिवणयंत्रापर्यंत." "कपाटापर्यंत." शेवटी ते म्हणाले, "खांबापर्यंत." पूर्वी घराच्या मध्यावर असलेला खांब आता कोपऱ्यात गेला होता, आणि चारशेतले एकशे दहा फूट उरले होते.

त्या एकशे दहा फुटांत पडल्या पडल्या शुभांगी एकदा म्हणाली, "अहो, बाकी काही नको. जुईचं पहिलं बाळंतपण तेवढं माहेरी झालं पाहिजे. मी नसले तरी."

"होईल," मोरेश्वर म्हणाले. त्या शब्दावर ती गेली.

जुईने अकोल्यातच कौस्तुभशी लग्न केलं, तिथेच नोकरी धरली. आणि पुढच्या वर्षी गणपतीत तिने फोनवर सांगितलं की दिवस गेलेत, चौथा लागला. मोरेश्वरांनी तोंडात साखर टाकली आणि शुभांगीच्या फोटोसमोर उभे राहून पोटभर रडून घेतलं. मग ते कामाला लागले. शेजारचे दोनशे फूट आठवड्याच्या बोलीने घ्यायचे, बारा आठवडे. त्यात बाळंतपण, बारसं आणि सव्वा महिना सगळं बसत होतं. मुनिमाचा त्या वेळचा भाव त्यांना पेलणारा होता. फक्त आताच कशाला, वेळ आली की घेऊ, असं म्हणून ते थांबले.

पुढे जे झालं ते आपल्यातल्या कुठल्याही बापाच्या, आईच्या हातून झालं असतं. सातवा लागला तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी तळमजल्याच्या दुकानात यादी दिली: डिंक अर्धा किलो, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, ओवा. दुकानातली मुलगी हसून म्हणाली, "आजोबा होताय वाटतं!" मोरेश्वर लाजून "देवाची कृपा" म्हणाले, आणि सामान घेऊन वर येईपर्यंत शिट्टी वाजवत राहिले. ज्या माणसाने पंधरा वर्षं मुनिमाची यंत्रं पुसली, त्याला आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता.

सोमवारी भाव तिप्पट झाला. दोनशे फुटांचा, आणि फक्त त्यांच्यापुरता.

ते तडक व्यवस्थापक रेवती सबनीस हिच्याकडे गेले. पोरगी मनाने चांगली; आसनगावहून रोज दोन तास येऊन ही इमारत चालवायची, कारण या इमारतीतला एक फूटही तिच्या आवाक्यातला नव्हता. तिने पडद्यावर बघितलं आणि डोकं धरलं.

"काका, डिंक आणि अळीव तुम्ही इथल्या दुकानातून घेतलंत?"

"मग? बाळंतिणीला लाडू नकोत?"

"अहो, बाळंतशेपा कोणी हौसेने चघळत नाही, हे मुनिमाला बरोबर कळतं. तुम्हाला जागा लागणारच, आणि आताच लागणार. ज्याला थांबता येत नाही, तो जास्त देतो. त्याने भाव वाढवला."

"मी माझ्या मुलीसाठी लाडू करणार, म्हणून?"

"हो," रेवती म्हणाली, आणि मान खाली घातली.

मोरेश्वर तिथून नवव्या मजल्यावर चौबळ सरांकडे गेले. सरांनी चाळीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेलं. आता सत्तर फुटांत एक कॉट, एक खुर्ची आणि पुस्तकांची भिंत एवढाच संसार. मोरेश्वर कॉटवर टेकले आणि त्यांच्या तोंडून आलं, "सर, मी आज सकाळीच एकतिसाव्या मजल्याच्या रुळांना वंगण घालून आलो. अठराशे फूट. बारा वर्षांत तिथे माणूस राहिलेला नाही. खुर्चीवरचं प्लास्टिक निघालेलं नाही. गंज चढू नये म्हणून मी महिन्यातून एकदा जातो, तेवढीच माणसाची चाहूल. तुम्ही वर्गात सांगायचात ना, मागणी असेल तिथे माल जातो? मग वर एवढी जागा रिकामी आणि खाली माझ्या पोरीला पाय पसरायला नाही, हा कुठला नियम?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"मोरू, मी शिकवलं ते खोटं नव्हतं रे. भाव बांधून टाकला की माल आटतो. आपली गॅलरी पडली ती त्यानेच. आणि आज नवीन इमारती उठत नाहीत त्याचा दोष एकट्या बाजाराचा नाही. वरचेच लोक कोर्टात जातात, समुद्र दिसेनासा होतो म्हणून. पण एक गोष्ट मी पोरांना सांगितली नाही, कारण मलाच कळली नव्हती. भावाला गरज ऐकू येत नाही. पैशाच्या तोंडून बोललेली गरजच त्याला ऐकू येते. एकतिसाव्या मजल्याला जागेची गरज नाही, पण त्याच्याकडे पैसा आहे, आणि जागा दरवर्षी महागतेय. म्हणून तो ती नुसती धरून बसलाय. तुला गरज आहे, तर मुनिमाने ती हेरली, आणि तुझ्यावरच उलटवली."

"मग मी करू काय?"

"जुईला सांग, सासरीच थांब. कौस्तुभची आई वाईट नाही."

"शुभांगीला शब्द दिलाय, सर."

सरांनी उठून दोघांसाठी चहा टाकला.

तोडगा पुढच्या आठवड्यात मुनिमानेच पुढे केला. मोरेश्वरांच्या शेजारचे सगळे फूट एका गुंतवणूकदाराने घेतलेले. त्याला मधले एकशे दहा हवे होते, म्हणजे पूर्ण पट्टा एकसंध झाला असता. मोरेश्वरांनी आपली हद्द कायमची सोडावी. बदल्यात बारा आठवडे चारशे फूट, जुन्या आखणीबरहुकूम, बाल्कनीसकट.

"वाचून घ्या, काका," रेवती म्हणाली. "तेराव्या सोमवारी तुमची हद्द शून्य. नंतर रडून उपयोग नाही."

"तळघरात कामगारांच्या झोपायच्या फळ्या आहेत ना? मला एकट्याला किती लागते जागा?"

"जुईताईंना सांगितलंत?"

"तिला सांगितलं तर ती येईल का, बाई?" मोरेश्वर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला.

जुई आली ती माघाच्या शेवटी, नववा लागल्यावर. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. खांब पुन्हा घराच्या मध्यावर उभा होता. आतल्या खोलीत तिची कॉट, बाल्कनीत आईची तुळस, शिवणयंत्र भिंतीपाशी.

"बाबा! हे कसं काय?"

"कंपनीने दिलं. जुना माणूस म्हणून," मोरेश्वर म्हणाले. सगळ्या आयुष्यात मुलीशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं.

"बघ, मी आईला म्हणायचे ना, बाबा उगाच घाबरतो!" जुई म्हणाली, आणि फुगलेलं पोट सावरत घरभर फिरून आली. प्रत्येक कोपऱ्यात जाऊन आली.

त्या बारा आठवड्यांत काय नव्हतं म्हणून विचारू नका. मोरेश्वरांनी लाडू वळले. पहिले दगडासारखे झाले, दुसरे बसले. चैत्रात जुईला मुलगी झाली. इस्पितळातून घरी आणल्यावर मालिशवाली बाई यायची, शेगडीत ओवा-बाळंतशेपाची धुरी व्हायची, आणि मोरेश्वर लंगोट वाळत घालताना बायकांची जुनी गाणी गुणगुणायचे, तीही चुकीची. नवव्या दिवशी बाळाची नाळ गळून पडली. जुईने ती रुमालात धरून विचारलं, "आजी गावी परसात पुरायची ना? इथे कुठे पुरायची रे?"

मोरेश्वरांनी विचार केला. या इमारतीत सगळंच सरकतं. एक खांब तेवढा जागचा हलत नाही. त्याच्या बुंध्याशी, रूळ संपतो तिथे, बोटभर खाच होती. तिथे त्यांनी नाळ ठेवली, वरून भेगा बुजवायची लांबी भरली आणि ओल्या बोटाने सारखी केली.

"इथेच राहील," ते म्हणाले. "खांबाला कोणी विकत घेत नाही."

बारशाला जुन्या बिल्डिंगमधली माणसं आली. कोणी टिटवाळ्याहून, कोणी विरारच्या पुढून. फूट विकत विकत सगळे कधीच लांब गेलेले. बायका मांडी घालून बसल्या, म्हाताऱ्यांनी पाय लांब केले, पोरं खांबाभोवती शिवाशिवी खेळली. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळ पाळण्याच्या खालून वरून फिरलं आणि कानात नाव सांगितलं, अन्वी. टिटवाळ्याच्या पारकरकाकू घुगऱ्या चावत म्हणाल्या, "मोरूभाऊ, कित्ती वर्षांनी ऐसपैस बसले हो!" सौदा ठाऊक असलेले एकटे चौबळ सर एका कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघत होते. मोरेश्वरांच्या नजरेला नजर मिळाली तेव्हा सरांनीच तोंड फिरवलं.

बारावा आठवडा संपला. सोमवारी सकाळी आठला कौस्तुभ गाडी घेऊन आला. पारकरकाकू मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी जुईची ओटी भरली, बाळाला दृष्टीची तीट लावली.

"येते हं, बाबा," जुई वाकून नमस्कार करत म्हणाली. "दिवाळीला आलेच म्हणून समज. अन्वीची पहिली दिवाळी आजोळीच करायची."

"ये हो, बाळा," मोरेश्वर म्हणाले. एवढंच म्हणाले. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्यांनी हात हलवला.

मग त्यांनी पिशवी भरली. दोन जोड कपडे, शुभांगीचा फोटो, तुळशीची कुंडी. शिवणयंत्र पारकरकाकू घेऊन गेल्या. अकराला पाच मिनिटं असताना ते बाहेर येऊन दारात उभे राहिले. भिंती निघाल्या. आतली खोली मिटली, मग पाळण्याची जागा, मग खांब भिंतीआड गेला, आणि मोरेश्वरांच्या समोर एक कोरी, पांढरी भिंत उभी राहिली. कसलाही आवाज झाला नाही. बाळ झोपेत दचकू नये म्हणून गेले तीन महिने त्यांनी हे रूळ हातांनी पुसले होते, दुप्पट वंगण घातलं होतं. शुभांगी गेली तेव्हा निदान डॉक्टरने सांगितलं तरी होतं. आता निदान काहीतरी वाजायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना तिथेच हुंदका फुटला.

त्या दिवसापासून त्यांनी चौदाव्या मजल्यावरच्या आपल्या जुन्या घराच्या रुळाला वंगण घालणं सोडलं. पावसाळा गेला, समुद्राच्या खाऱ्या हवेने आपलं काम केलं. आश्विनात रेवतीने त्यांना बोलावलं.

"काका, चौदाव्यावरची भिंत भयंकर किरकिरते म्हणे. मुनिमाची चौथी तक्रार आहे."

"राहतं का कोणी तिथे?"

"नाही. अजून कोणी आलंच नाही. भावाबरोबर भिंत तेवढी दर सोमवारी मागेपुढे होते."

"मग आवाजाचा त्रास कोणाला होतो?"

रेवतीने त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि तक्रारीवर 'दोष आढळला नाही' असं लिहून ती बंद केली.

दर सोमवारी अकराला मोरेश्वर चौदाव्या मजल्यावर जाऊन त्या दाराबाहेर उभे राहायचे. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी ते असेच उभे असताना फोन वाजला.

"बाबा, तिकिटं मिळाली! धनत्रयोदशीला सकाळीच पोहोचतो. अन्वी आता बसायला लागलीय रे, तुला—"

"जुई," मोरेश्वर म्हणाले, "या वर्षी मीच येतो तिकडे."

पलीकडे कुठेतरी अन्वी काहीतरी आपटत होती.

"बाबा, भिंत कुठवर आली?"

दुसऱ्यांदा खोटं बोलायला त्यांची जीभ उचलेना.

"खांब त्यांच्याकडे गेला, बाळा."

"सगळंच?" तिचा आवाज फाटला. "त्या तीन महिन्यांसाठी? अरे, मी तुझ्या पायाशी चटईवर झोपले असते रे, बाबा!"

"बाळंतिणीला असं चटईवर झोपवतात का? तुझ्या आईला शब्द दिला होता मी, बाळंतपण माहेरीच होईल म्हणून."

"आईला काय कळणार होतं?"

"मला कळलं असतं ना."

जुई रडत राहिली. मोरेश्वरही रडत होते, पण तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने. अकरा वाजले. दाराच्या आत रिकाम्या घरातली भिंत जागची हलली, आणि गंजलेल्या रुळावरून मोठ्याने, लांबलचक किरकिरत निघाली. अख्ख्या मजल्यावर तो आवाज भरला.

"कसला रे आवाज हा?" जुईने नाक ओढत विचारलं.

मोरेश्वरांनी फोन दाराजवळ धरला.

"आपलं घर आहे गं," ते म्हणाले. "ऐक."